मे महिन्यातलं आभाळ आणि ऑक्टोबरचा घड

प्रश्न: तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालो. धाकटा मुलगा येत्या ऑक्टोबरात 26 वर्षांचा होईल. 1999 साली आठव्या महिन्यात जन्मला, लगेच रडला नाही, नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. पुढे सगळं व्यवस्थित. वर्गात कायम पहिल्या पाचात. 2020 साली पुण्यात इंजिनिअरिंगला असताना लॉकडाऊनमध्ये घरी आला आणि शेजारचे आपल्याबद्दल बोलतात, भिंतीतून आवाज येतात, असं म्हणू लागला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्यांनी आवाज गेले, पण पूर्वीचा तो राहिला नाही. माझी बहीण हिला, म्हणजे मुलाच्या आईला, पहिल्यापासून ऐकवते, ऑगस्टच्या ग्रहणात तू विळीवर बसलीस म्हणून. ते मी हसण्यावारी नेत होतो. पण या गणपतीत पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवलं की उंदराच्या पिल्लाच्या मेंदूला सातव्या दिवशी इजा केली, की ते मोठेपणी वेडं होतं, त्याचं डोपामाइन बिघडतं. तेव्हापासून ही धड जेवत नाही. 'माझ्याच पोटात बिघडला,' एवढंच म्हणते. पुतण्याचं म्हणणं, बिघाड जन्माचा आहे तर गोळ्या कशाला? मला हे प्रयोग पुरते समजावून सांगा. विज्ञानाचा मास्तर आहे, अर्धवट सांगू नका. मुलीला दिवस गेलेत, तिलाही लोकांनी भीती घातली आहे. ता. क. ऑक्टोबर छाटणीला मुलाला बागेत नेऊ का?
– एक वडील, तासगाव तालुका

सर, नमस्कार.

प्रयोगांवर येते, पण आधी काकूंचं. हा परिच्छेद तुम्ही मनात न वाचता त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा. काकू, ज्या बाळांचा जन्म अडचणीत होतो, म्हणजे दिवस भरायच्या आधी, गुदमरून, कमी वजनाचं, त्यांना पुढे हा आजार होण्याची शक्यता थोडी वाढते, हे खरं आहे. मी ते लपवणार नाही. पण किती वाढते? एरवी 100 माणसांत एकालाही पुरता होत नाही, इतकं या आजाराचं प्रमाण आहे. अडचणीच्या बाळंतपणानं ते फार तर दुप्पट धरा. म्हणजे तुमच्या मुलासारखी पेटीत ठेवलेली 100 बाळं आज मोठी झालेली शोधून काढली, तर त्यातली 98 तरी या आजाराशिवाय संसार करत असतील, नोकरी करत असतील, आईशी भांडत असतील. आणि वेळेआधी कळा सुरू होणं ही काही कुणी करायची गोष्ट नाही. ती होते. तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलंत: दवाखाना गाठला आणि नऊ दिवस त्या पेटीशेजारी बसलात.

ग्रहणाचं एका वाक्यात संपवते. 11 ऑगस्ट 1999 ला भारतात लाखो बायका गर्भार होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी त्या दिवशी भाजी चिरलीच असणार, कारण घरात माणसं जेवायची होती.

आता उंदीर.

पुतण्यानं जे वाचलं ते खोटं नाही. अर्धं आहे, आणि नेमकं कामाचं अर्धं त्यानं सोडलं. हे प्रयोग अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत बार्बरा लिप्स्का आणि डॅनियल वाइनबर्गर यांनी केले. गाजलेला निबंध 1993 चा. त्याच्या मागे एक कोडं होतं, ते तुम्हाला घरच्या अनुभवानं माहीतच आहे: मूल वीस वर्षं चांगलं असतं आणि मग अचानक बिघडतं. बिघाड विसाव्या वर्षी झाला म्हणावं, तर मेंदूत ताज्या जखमेच्या खुणा सापडत नाहीत. जन्माच्या आसपासचा म्हणावा, तर मधली वीस वर्षं तो कुठे दडून बसला होता? 1987 साली वाइनबर्गरनी अमेरिकेत आणि रॉबिन मरे व शॉन लुईस यांनी इंग्लंडमध्ये जवळपास एकच उत्तर मांडलं. इजा लवकर होते, पण मेंदूचा जो भाग उशिरा पिकतो त्याला जोवर काम लागत नाही, तोवर ती दिसत नाही.

हे वाक्य मुंबईतल्या माणसाला समजवायला मला अर्धा तास लागतो. तुम्हाला लागणार नाही. तुम्ही एप्रिलला खरड छाटणी घेता. त्यानंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे पुढे फुटायच्या कोंबात, पुढच्या हंगामाचा सूक्ष्म घड तयार होतो. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. काडी जाड, पानं हिरवीगार, वेल टवटवीत. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, ऊन मिळालं नाही, तर डोळ्यात घड धरत नाही. पण हे कळतं कधी? ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटतात तेव्हा. घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते, नाहीतर गोळी घड येतो आणि जिरून जातो. 2025 च्या मे महिन्यात पावसानं आधीच ठाण मांडलं आणि द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा आला, तो याच हिशेबानं. मे महिन्यातल्या आभाळाचा जाब ऑक्टोबरात मिळतो. मधे चार महिने वेलीकडे बघून कुणी काही सांगू शकत नाही. काडी तपासून आणता ना तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली? माणसाच्या मेंदूची अशी काडी तपासता येत नाही, एवढाच फरक.

लिप्स्कांनी काय केलं ते आता बघा. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू फारच कच्चा असतो. त्याचा सातवा दिवस ढोबळमानानं माणसाच्या गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांशी जुळतो. त्या दिवशी पिल्लाच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या खालच्या टोकाला त्यांनी अगदी बारीक सुईनं आयबोटेनिक आम्ल टोचलं. हे विष एका जातीच्या अळिंबीत सापडतं आणि त्या जागेच्या पेशी मारतं. पिल्लं आईकडे परत. 35 व्या दिवशी, म्हणजे उंदराच्या पोरवयात, त्यांना तपासलं. नव्या पिंजऱ्यात सोडलं, अँफेटामाइन हे मेंदूत डोपामाइन सोडायला लावणारं उत्तेजक औषध टोचलं, आणि बरोबरीच्या धडधाकट पिल्लांशी ताडून पाहिलं. फरक नाही. मग 56 व्या दिवशी, वयात आल्यावर, पुन्हा तपासलं. आता तेच उंदीर अँफेटामाइन दिल्यावर इतरांपेक्षा कितीतरी जास्त धावत सुटले. ताण दिला तरी तेच. पुढच्या प्रयोगांत आणखी दिसलं की ते इतर उंदरांशी कमी मिसळतात, ध्यानात ठेवायच्या कामात चुकतात, आणि मोठ्या आवाजाआधी हलका आवाज ऐकवला तर दचकणं जसं कमी व्हायला हवं तसं होत नाही. हा दचकण्याचा बिघाड स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतही मोजता येतो.

तीच इजा मोठ्या उंदराला केली तर हे सगळं असं घडत नाही. सर, या प्रयोगाचा गाभा हा आहे. पुतण्यानं तो वगळला. इजा किती यापेक्षा कधी हे महत्त्वाचं, आणि ती तिथंच थांबत नाही. वाढत्या मेंदूचा पुढचा रस्ता ती वळवते.

कसा वळवते? अर्धवट सांगू नका म्हणालात, तेव्हा थोडं खोल जाऊ.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात, त्यांना आपण न्यूरोट्रान्समीटर म्हणतो. इथे आपल्याला तिघांशी काम आहे. ग्लुटामेट पेशीला चालू करतं. गाबा तिला थांबवतं. डोपामाइन तिसरं; ते नुसतं चालू-बंद करत नाही, आत्ता कशाकडे लक्ष द्यायचं, काय महत्त्वाचं, हे ठरवायला मदत करतं. कुणी नुसतं खाकरलं तरी 'हे माझ्यासाठीच' असं वाटू लागतं, तेव्हा या तिसऱ्याचं तारतम्य सुटलेलं असतं.

हिप्पोकॅम्पसच्या त्या टोकापासून ग्लुटामेटचे धागे कपाळामागच्या भागाकडे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे जातात. सातव्या दिवसाच्या सुमारास ती जोडणी नुकती लागत असते. धागे आले नाहीत, की कपाळामागचा भाग त्यांच्याविना वाढतो, आणि वाढतो तोच वेगळा. तिथल्या गाबा सोडणाऱ्या छोट्या पेशी, ज्यांचं काम ब्रेक लावायचं, त्या नीट पिकत नाहीत. धडधाकट उंदरात वयात येताना एक मोठा बदल होतो: तोवर डोपामाइनला फारसं न जुमानणाऱ्या या ब्रेकवाल्या पेशी आता डोपामाइन आलं की जोरानं काम करू लागतात. पॅट्रिसिओ ओडॉनेल आणि कुएई त्सेंग यांनी हे पेशींमध्ये विजेच्या तारा घालून मोजलं. सातव्या दिवशी इजा झालेल्या उंदरांत हा बदल येतच नाही. मग मोठेपणी डोपामाइनची लाट आली, की कपाळामागच्या मोठ्या पेशी शांत व्हायच्या त्याऐवजी भडकतात.

तुमच्या भाषेत, मोटर ठीक, पाणीही तेवढंच, पण ठिबकचा कॉक वेळेवर बंद होत नाही. म्हणून पुतण्याच्या 'डोपामाइन बिघडतं'चा अर्थ 'डोपामाइन जास्त झालं' असा घेतला, तर तो या उंदरांच्या बाबतीत नीट बसत नाही. साठा फुगलेला नसतो, प्रतिसाद बिघडलेला असतो. लिप्स्कांनी याची एक उलटतपासणीही केली. अशा उंदरांच्या कपाळामागचा भाग मोठेपणी निकामी केला, तर त्यांचं जादा धावणं ओसरलं! चुकीचं वाढलेलं सरकार असण्यापेक्षा नसलेलं बरं, असा तो निकाल. (निवडणुकीच्या दिवसांत मी हा दाखला देत नाही.)

दुसरा एक नमुना आहे, त्यात उंदरीणीला गर्भारपणाच्या सतराव्या दिवशी एमएएम नावाचं रसायन देतात. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या अँथनी ग्रेस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. तिथे हिप्पोकॅम्पस मेलेला नसतो, उलट त्याचे ब्रेक कमी झाल्यानं तो अतोनात चालत राहतो, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या डोपामाइन पेशी गरजेपेक्षा जास्त संख्येनं जागत्या ठेवतो. रस्ता वेगळा, मुक्काम जवळजवळ तोच. माणसांत पाहिलं तर स्किझोफ्रेनिया असलेल्यांना अँफेटामाइन दिल्यावर मेंदूत डोपामाइन इतरांपेक्षा जास्त सुटतं, हे 1990 च्या दशकात चित्रणयंत्रांनी दाखवलं. म्हणजे उंदराचा आणि माणसाचा दुवा हवेतला नाही.

पण उंदीर तो उंदीर. तो 'वेडा' होत नाही. त्याला भिंतीतून आवाज येतात की नाही, हे विचारायची सोय नाही. तो किती धावला हे पेटीतल्या प्रकाशकिरणांनी मोजतात, त्याला आजाराचा आरसा म्हणून वापरतात, आणि हे काम करणारे स्वतःच सांगतात की हा नमुना आहे, आजार नव्हे. स्किझोफ्रेनियाच्या माणसाच्या मेंदूत अशी मेलेली जागा नसते. हिप्पोकॅम्पस सरासरीनं किंचित लहान असतो, इतकंच. तुमच्या मुलाला कुणी सुई टोचली नव्हती. त्या पिल्लांना झालेली इजा मुद्दाम केलेली, नेमकी आणि मोठी होती. आठव्या महिन्यातला जन्म आणि ती इजा यांच्यात बरोबरीचं चिन्ह काढता येत नाही. वर्गात तुम्ही हे समीकरण चुकीचं म्हणून तांबड्या शाईनं खोडलं असतंत.

आणि हे बघा, काकूंना हेही सांगा. 1995 मध्ये याच लोकांनी तीच सातव्या दिवसाची इजा तीन वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांना केली. फिशर वाणाचे उंदीर जबर बिघडले. लुईस वाणाच्या उंदरांवर परिणामच दिसला नाही. इजा तीच, दिवस तोच, जागा तीच! म्हणजे अनुवंशाचा वाटा बाजूला ठेवून 'इजा झाली म्हणून आजार झाला' असं उंदराबद्दलही म्हणता येत नाही. माणसाचं तर किती गुंतागुंतीचं. एकसारख्या जुळ्यांत एकाला स्किझोफ्रेनिया असला, तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी भरतं. दोघांची जनुकं तीच, आईचं पोटही तेच.

पोरवयात मेंदूत आणखी एक गोष्ट घडते, तिचं इंग्रजी नाव ऐकून तुम्हाला हसू येईल: प्रूनिंग, छाटणी. बालपणी पेशींमधले जोड अतोनात फुटलेले असतात, आणि किशोरवयात नको ते छाटले जातात. 1982 मध्ये अर्विन फाइनबर्ग यांनी शंका मांडली की स्किझोफ्रेनियात ही छाटणी गैर होत असावी. 2016 मध्ये सी4 नावाच्या जनुकावरच्या संशोधनानं तिला बळ आलं. या जनुकाचे काही प्रकार छाटणीला जास्त जोर देतात आणि तेच प्रकार आजाराची शक्यता थोडी वाढवतात. आता विचार करा. घडनिर्मितीत आधीच कमी पडलेला मेंदू, त्यावर जोराची छाटणी, आणि त्याच सुमाराला लॉकडाऊन, खोली सोडून यावं लागणं, परीक्षांचा घोळ. कुठल्या एका कडीला दोष द्यायचा? मला रुग्णांचे नातेवाईक हाच प्रश्न रोज विचारतात, आणि बहुतेक वेळा कडी ठरवून आलेले असतात. ती आई असते. बापाला कुणी विचारत नाही, हेही नोंदवून ठेवते. तुमच्या बहिणीला सांगा, पोराच्या जनुकांचा अर्धा वाटा तुमच्याकडून, म्हणजे त्यांच्याच माहेरच्या रक्ताचा आहे. बघा, त्या दिवसापासून विळीचा विषय निघणार नाही.

गोळ्यांचं. पुतण्याचा युक्तिवाद वरवर तर्कशुद्ध दिसतो आणि म्हणूनच धोक्याचा आहे. बिघाड जुना, म्हणून आजच्या रसायनावर इलाज निरुपयोगी? लहानपणी पोलिओ झालेल्याला कुबडी द्यायची नाही का? त्याच्याच उंदरांचं उत्तर ऐका: सातव्या दिवशी इजा झालेल्या, मोठेपणी सैरावैरा धावणाऱ्या त्या उंदरांना हॅलोपेरिडॉल किंवा क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध दिलं की धावणं कमी होतं. मूळ जखम तशीच राहते. औषध शेवटच्या कडीवर काम करतं, आणि आवाज शेवटच्या कडीतूनच येत असतात.

या कडीचा शोध लागण्यात आपल्या सर्पगंधेचा हात आहे, हे तुमच्यातल्या मास्तरला आवडेल. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये सर्पगंधेचा उन्मादावरचा आणि रक्तदाबावरचा गुण छापून जगासमोर मांडला. पुढे तिच्यातून रेसर्पिन निघालं. स्वीडनच्या आर्विद कार्लसननी ते सशांना दिलं तेव्हा ससे मलूल, निपचित पडले. डोपामाइन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचताच उठून बसले. हे 1957 चं. तोवर डोपामाइनला मेंदूत स्वतःचं काही काम आहे हेच धड मान्य नव्हतं. 1963 मध्ये कार्लसननी क्लोरप्रोमॅझिन आणि हॅलोपेरिडॉल डोपामाइनचं काम अडवत असावीत हे सुचवलं, आणि 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. तुमचा मुलगा रात्री घेतो ती गोळी या वंशावळीतली.

आकडाही देते. 2012 मध्ये लॅन्सेट नियतकालिकात 65 चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला होता. औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात 100 पैकी 27 जणांचा आजार उलटला, औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत 64 जणांचा. मी एवढी वर्षं ओपीडीत बसते. उलटलेला आजार घेऊन येणाऱ्यांत 'बरं वाटलं म्हणून बंद केली' म्हणणारे सगळ्यात जास्त. तुम्हाला गोळ्या कमी करायच्या असतील तर ते त्याच्या डॉक्टरांशी बोलून, हळूहळू, महिनोन्महिने लक्ष ठेवून करायचं काम आहे. गणपतीच्या आरतीनंतर पडवीत घ्यायचा निर्णय नाही.

'पूर्वीचा तो राहिला नाही' हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, पण मला वाटतं तुमचं खरं दुखणं ते आहे. गोळ्या आवाजांवर चांगल्या चालतात. उमेद, बोलणं, एखादी गोष्ट स्वतःहून सुरू करणं, चार गोष्टी एकदम ध्यानात ठेवणं, यावर त्यांचा जोर कमी. हे काम बरंचसं कपाळामागच्या भागाचं, ज्याची गोष्ट वर सांगितली. म्हणून तो सकाळी दहापर्यंत पडून राहिला तर त्याला आळशी म्हणू नका, आणि दुसऱ्यांना म्हणू देऊ नका. काही भाग गोळीच्या गुंगीचाही असू शकतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं सांगा: किती वाजता घेतो, किती वाजता उठतो, वजन किती वाढलं, हात थरथरतात का, साखर कधी तपासली. 'बरा आहे' एवढंच सांगून परत येऊ नका. तुम्ही तसंच सांगत असाल, मला मास्तर लोक माहीत आहेत.

आता त्या उंदरांच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. न्यूयॉर्कमध्ये आंद्रे फेंटन आणि हीक्यंग ली यांनी 2012 मध्ये सातव्या दिवशी इजा झालेल्या उंदरांना पोरवयातच, 35 व्या दिवसाच्या सुमारास, एक अवघड शिकवणी दिली. गोल फिरणाऱ्या फळीवर एक जागा टाळायची, आणि ती टाळताना फळीबरोबर फिरणाऱ्या चुकीच्या खुणांकडे काणाडोळा करायचा. शिकवणी न मिळालेले उंदीर मोठेपणी या प्रकारच्या कामात अडखळले. शिकवणी मिळालेले धडधाकट उंदरांसारखे वागले. मेंदूतली जखम तशीच होती! ग्रेस यांच्या प्रयोगशाळेत 2013 मध्ये वयात येण्याच्या सुमाराला थोडे दिवस डायझेपाम देऊन ताणाची धार कमी केली, तर एमएएमच्या उंदरांत डोपामाइनचा बिघाड उगवलाच नाही. (हे वाचून घरातल्या कुठल्या पोराला डायझेपाम देऊ नका, सवय लावणारं औषध आहे ते.) पुतण्याला विचारा, हे त्याच्या मोबाइलवर आलं होतं का.

तुमचा मुलगा ते वय ओलांडून पुढे आलाय, हे मान्य. पण 56 व्या दिवसाचे उंदीर अँफेटामाइनइतकेच ताणालाही भडकत होते, हे वर आलंय. यावरून मला तुमच्या घराबद्दल बोलायचं आहे. घरातली टोचणी, वरचेवर काढलेले दोष, याचा आजार उलटण्याशी संबंध आहे, हे लंडनमध्ये 1960 च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलंय. 1987 मध्ये चंदीगडच्या कुटुंबांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत अशी टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. आपली ही जमेची बाजू आहे, ती पडवीतल्या वादांत घालवू नका. तुमच्या घरी सध्या आई रडते, आत्या बोलते, चुलतभाऊ मोबाइल वाचून दाखवतो, आणि हे सगळं ज्याच्याबद्दल चाललंय तो आतल्या खोलीत ऐकतोय. शेजारचे लोक आपल्याबद्दल बोलतात हाच ज्याचा भ्रम होता, त्याच्यासाठी घरच्यांनी तो खरा करून दाखवलाय. हे थांबवायचं काम तुमचं. काकूंचं नाही, डॉक्टरांचं नाही. आणि गांजाच्या वाऱ्याला त्याला उभं करू नका, त्याचे पुण्यातले मित्र आले तरी.

काकू जेवत नाहीत हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं असेल, झोपही उडाली असेल, तर त्यांनाही तपासायला हवं. मुलाच्या पुढच्या तारखेला त्यांचा केसपेपर काढा. अडीअडचणीला टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तुमच्या लेकीचं. मामाला हा आजार असेल तर भाच्याला होण्याचं प्रमाण जुन्या युरोपीय कुटुंब-अभ्यासांत 100 पैकी 4 च्या आसपास मोजलं गेलंय. उरलेल्या 96 पोरांना हा आजार होत नाही. तिनं लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, तपासण्या चुकवू नयेत, आणि नवजात बाळांचा विभाग असलेल्या ठिकाणीच बाळंत व्हावं. हे मी कुठल्याही गर्भार मुलीला सांगते, तिला वेगळं काही नाही.

लिप्स्कांबद्दल एक गोष्ट राहिली. आयुष्यभर हे उंदीर आणि नंतर मृत माणसांचे मेंदू अभ्यासलेल्या या बाईंच्या स्वतःच्या मेंदूत 2015 मध्ये कर्करोगाच्या गाठी झाल्या. काही आठवडे त्या संशयी झाल्या, घरच्यांवर चिडू लागल्या, ओळखीच्या रस्त्यांवर हरवल्या, आणि आपलं काही बिघडलंय हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं. उपचारांनी गाठी आटल्या आणि त्या भानावर आल्या. आजार वेगळा, स्किझोफ्रेनिया नव्हे. पण 'माझं काही बिघडलं नाही' म्हणणाऱ्या पोराशी वाद घालताना हे आठवा. ज्या बाईनं त्या प्रांताचा नकाशा काढला, तिलाही आत असताना तो वाचता आला नाही.

ता. क. मधलं. न्या त्याला बागेत. पण पहाटे मजुरांबरोबर नको, रात्रीच्या गोळीची गुंगी उतरू द्या. नऊनंतर, न्याहारी करून, टोपी घालून, पाण्याची बाटली बरोबर. पहिल्या दिवशी दोन ओळींपुरतं काम. छाटलेल्या काड्या गोळा करणं, नंतर फुटी आल्या की बांधणी. डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायच्या कामाला मात्र अजिबात लावू नका. तिच्यातलं हायड्रोजन सायनामाइड धडधाकट माणसालाही बाधतं, आणि गुंगीत हातमोजे नीट घातले जात नाहीत. काडी तपासायला सांगलीला जाल तेव्हा त्यालाही घेऊन जा. सूक्ष्मदर्शकात त्याला आधी बघू द्या, घड धरलाय की बाळी, तो काय म्हणतो ते ऐका, मग तुम्ही डोळा लावा.